औषधाचा प्रवास आणि संगणकाचा हिशेब

केमोथेरपी कर्कपेशींना मारते, तशीच ती निरोगी पेशींनाही मारते. केस गळणे, उलट्या होणे हे आपण नात्यागोत्यात पाहिलेले आहे. डॉक्सोरुबिसिन या प्रभावी औषधाने तर हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते. म्हणून औषध सूक्ष्म कणांत भरून गाठीपर्यंत न्यावे, हा विचार पुढे आला. हे कण साधारण १०० नॅनोमीटरचे, म्हणजे एका मिलिमीटरात ओळीने दहा हजार मावतील एवढे. गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असल्याने मोठे रेणू तेथे झिरपून साचतात, असे १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा व माएदा यांनी दाखविले. १९९५ साली अमेरिकेत ‘डॉक्सिल’ला, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेल्या डॉक्सोरुबिसिनला, मान्यता मिळाली.

विद्यार्थी मित्रांनो, संगणकाचे काम येथे सुरू होते. कणाचा आकार किती, आवरण कोणते, हे दर वेळी प्राण्यांवर प्रयोग करून ठरविणे खर्चाचे. त्याऐवजी शरीराची हिशेबी प्रतिकृती मांडतात, तेच मॉडेल.

वहीत करून पाहा. रक्तात १०० कण सोडले. दर तासाला उरलेल्यांपैकी १० टक्के यकृत व प्लीहा टिपून घेतात आणि १ टक्का गाठीत शिरतात, असे समजा. (आकडे केवळ उदाहरणादाखल.) पहिल्या तासाअखेर रक्तात ८९, दुसऱ्या तासाअखेर सुमारे ७९ उरतात. हिशेब शेवटपर्यंत नेला तर गाठीत जेमतेम ९ पोहोचतात. आता यकृत-प्लीहेचा वाटा ५ टक्के करा. गाठीत सुमारे १७ जातात. गाठीला हातही न लावता फायदा जवळजवळ दुप्पट! डॉक्सिलच्या कणांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण असते ते याचसाठी. शरीरातील भक्षक पेशींना असा कण चटकन ओळखता येत नाही.

गाठीच्या आतला प्रवास अधिक अवघड. तेथील द्रवाचा दाब वाढलेला असल्याने प्रवाह कणांना आत ढकलत नाही. आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी राकेश जैन यांनी बॅक्स्टर यांच्यासह १९८९ साली हे गणिती मॉडेलने मांडले. मग उरते केवळ विसरण. साध्या पाण्यातही अशा कणाला एक दशांश मिलिमीटर सरकायला साधारण १३ मिनिटे लागतात, आणि अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. गाठीच्या घट्ट ऊतीत त्याहून जास्त.

केवळ तर्कात बसते म्हणून एखादी गोष्ट मानू नये, हे आपण कालाम सुत्तात वाचतोच. मॉडेललाही तीच कसोटी. टोरंटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली आधीच्या दहा वर्षांचे प्राण्यांवरील प्रयोग तपासले, तेव्हा गाठीत पोहोचलेल्या कणांचा मध्यक निघाला अवघा ०.७ टक्के. तरीही डॉक्सिलने हृदयावरचा धोका कमी केला, हे रुग्णाच्या दृष्टीने लहान नव्हे.

बारावीच्या पुस्तकातील अवकल समीकरणे हीच या हिशेबाची भाषा होय. वरील उदाहरणात गाठीतून रक्तात परत येणारे कण धरलेले नाहीत. दर तासाला गाठीतील २ टक्के परत येतात असे धरून तो हिशेब पुन्हा करावा.