मास्टरिंग : गाण्यावरचा शेवटचा हात

घरी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर संगणकाच्या साहाय्याने जो शेवटचा हात फिरवतात, त्याला ‘मास्टरिंग’ म्हणतात. ‘ओझोन’सारख्या सॉफ्टवेअरमधील इक्वलायझर खर्ज व तीव्र ध्वनींचा तोल साधतो, कॉम्प्रेसर लहानमोठ्या आवाजांतील अंतर कमी करतो, तर लिमिटर आवाजाला मर्यादा घालतो. नवशिका मात्र गाणे मोठे वाजावे म्हणून लिमिटरवर भार टाकतो. त्यात तबल्याची थाप बोथट होते, आलापातील चढउतार हरपतो. आणि हाती काय लागते? ‘स्पॉटिफाय’ एरवी प्रत्येक गाणे उणे १४ एलयूएफएसच्या आसपासच्या पातळीवर आणूनच ऐकवते. मोठे केलेले गाणे तेथे पुन्हा लहान होते. हरपलेली थाप मात्र परत येत नाही. म्हणून मूळ व संस्कारित गाणे समान पातळीवर ऐकावे आणि मगच कानांचा कौल घ्यावा.