रक्तस्तंभन : शैत्य कोठे, ऊब कोठे?

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या १४ व्या अध्यायात संधान, स्कंदन, पाचन व दहन हे रक्तस्तंभनाचे चार उपाय वर्णिले आहेत. पैकी स्कंदन शीतद्रव्यांनी साधते. आमच्या मते हा प्रयोग व्रणापुरताच होय. कारण रक्तक्षयाने अग्नी मंदावतो, म्हणून आहार अतिशीत नसावा, असेही तेथेच सांगितले आहे.

शरीराचे तापमान ३४ अंश सेल्सिअसखाली उतरल्यास रक्तबिंबिका व स्कंदक घटक मंदावतात. प्राणवायूअभावी रक्ताचा सामू ७.४ वरून ७.२ च्या खाली गेल्यास स्कंदन आणखी बिघडते. प्रयोगशाळेतील चाचणी ३७ अंशांवर होत असल्याने शैत्यजन्य दोष अहवालात दिसत नाही.

भांडुपसारख्या लोहमार्गालगतच्या वस्तीत व्यवसाय करताना आम्ही हा क्रम पाळतो : जखम दाबून धरावी, ओले कपडे काढून पांघरूण घालावे, तोंडाने काहीही न देता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे.