परिपाठासाठी आपल्या वेल्ह्याच्या गोष्टी



परिपाठात सामान्य ज्ञानाचे प्रश्न रोज होतात. ऑस्ट्रेलियाची राजधानी, सर्वांत लहान देश, सर्वांत लांब नदी. मुलं धडाधड उत्तरं देतात. पण तोरण्याच्या पायथ्याच्या मुलाला एकदा विचारून बघा, "आपल्या कानंदी नदीचं पाणी शेवटी कुठल्या समुद्रात जातं?" बहुतेक मुलं अरबी समुद्र म्हणतील. साहजिक आहे, कोकण घाटाखालीच तर आहे!

उत्तर आहे बंगालचा उपसागर. कानंदी गुंजवणीला मिळते, गुंजवणी नीरेला आणि नीरा भीमेला. भीमा पुढे कृष्णेला मिळते. आता गंमत बघा. याच तालुक्यातल्या पानशेतच्या आंबी नदीचं पाणी मुठेतून पुणे शहरात जातं आणि मुळा-मुठा होऊन भीमेत उतरतं. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेले पावसाचे दोन थेंब वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर पुन्हा भेटतात. मढे घाटाच्या कड्यावर पाऊल पुढे पडलेला तिसरा थेंब मात्र कोकणात उतरून अरबी समुद्र गाठतो. वर्गातला महाराष्ट्राचा नकाशा काढा आणि मुलांना बोटाने या वाटा फिरवायला लावा. नदीप्रणालीचा अर्धा धडा तिथेच होतो.

पानशेतचं नाव निघालंच आहे, तर १२ जुलै १९६१. बांधकाम पुरतं संपलेलं नसताना धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासला धरणही गेलं आणि पुण्यात पूर आला. हे पुष्कळांना ठाऊक असतं. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचून धरण सावरायचा प्रयत्न करत होते. धरण फुटलं ते सकाळी, आणि पाणी शहरात शिरलं ते दिवसाउजेडी. तेच मध्यरात्री आलं असतं तर? हा प्रश्न मुलांना विचारा आणि थोडा वेळ गप्प बसा. आजच्या पानशेत जलाशयाला तानाजीसागर म्हणतात, शेजारच्या वरसगावला वीर बाजी पासलकरांचं नाव आहे. सहलीला येणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

आता गडांकडे. शिवाजी महाराजांची राजधानी कोणती, म्हटलं की मुलं एका सुरात "रायगड!" ओरडतात. बरोबरच आहे. पण राज्याभिषेक १६७४ चा आणि महाराजांचं निधन १६८० चं. त्याआधीची सुमारे पंचवीस वर्षं कारभार चालला तो राजगडावरून. आग्र्याहून सुटका झाल्यावर १६६६ मध्ये महाराज परतले तेही राजगडावरच. सईबाई १६५९ मध्ये इथेच वारल्या. फेब्रुवारी १६७० हा एकच महिना घ्या : सुरुवातीला सिंहगडावर तानाजी पडले आणि २४ तारखेला राजगडावर राजाराम महाराजांचा जन्म झाला. पाठ्यपुस्तकात या दोन घटना वेगवेगळ्या पानांवर असतात, त्यामुळे मुलांना त्या एका महिन्यातल्या वाटतच नाहीत.

तोरण्याच्या बाबतीत जरा सांभाळून. स्वराज्याचं तोरण बांधलं ते साल कुठे १६४६ छापलेलं सापडतं, कुठे १६४७. "सर, नक्की कोणतं?" असं मुलाने विचारलं तर त्याला गप्प करू नका, उलट शाबासकी द्या. दोन पुस्तकं समोरासमोर ठेवून बघायची सवय अशीच लागते. (परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकातलं साल लिहायचं, हे मात्र सांगून ठेवा.) आणि एक योगायोग : कळसूबाईची उंचीही १६४६ मीटरच आहे. साल आणि उंची यांची गल्लत व्हायला एवढं पुरेसं आहे!

हल्लीच्या दोन गोष्टी पटकन. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायला मंजुरी दिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. तिथल्या मुलांना हे फारसं आवडत नाही. बारांपैकी अकरा महाराष्ट्रात, मग बारावा कुठे? तमिळनाडूतला जिंजी.

राहता राहिल्या ऐकीव गोष्टी. अफजलखानाचं शिर राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या दरवाजापाशी पुरलंय. तानाजींचा देह मढे घाटातून उमरठला नेला. औरंगजेबाने लढून जिंकलेला एकमेव गड म्हणजे तोरणा. या गोष्टी गावोगाव आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. वर्गात त्या जरूर सांगाव्यात, माझं तरी हेच मत. फक्त "असं सांगतात" हे दोन शब्द पुढे जोडायचे. कारण चौथीत फळ्यावर लिहिलेलं वाक्य मूल पुढे वर्षानुवर्षं खरं मानून चालतं.

आम्ही यासाठी वहीत तीन रकाने आखून घेतो : डोळ्यांनी दिसतं, लिहिलेलं सापडतं, ऐकलेलं आहे. सुवेळा माचीवरचं नेढं पहिल्यात, राजाराम महाराजांचा जन्म दुसऱ्यात, मढे घाटाची गोष्ट तिसऱ्यात. पानशेतचा पूर कोणत्या रकान्यात घालायचा, यावर मुलं चांगली भांडतात. छापलेलं तर सापडतंच, पण कुणाच्या तरी आजीने तो डोळ्यांनी पाहिलेला असतो.