पत्त्यात गाव नसलेले पत्र

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे सैनिकांचे गाव. पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) येथील ४६ जवान कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. अशा गावातील आई सीमेवरील मुलास पत्र धाडी, तेव्हा पत्त्यात ठिकाण नसे. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि '५६ ए.पी.ओ.' एवढेच! शत्रूला ठावठिकाणा लागू नये, म्हणून ही योजना. पलटण लडाखच्या बर्फात असो वा राजस्थानच्या वाळवंटात, लष्करी टपालखाते पत्र तेथे पोहोचवी. निरक्षर आई शेजारच्या मुलाकडून मजकूर लिहवून घेई. म्हैस व्याली, विहिरीला पाणी लागले. पलटणीत हे केवढे मोठे वर्तमान! स्वतःचे दुखणे मात्र ती लिहू देत नसे. उत्तर येई, 'मी खुशाल आहे.' कोठे, ते नसे. आता दूरध्वनीवर लेकाचा आवाज ऐकू येतो. तरीही 'कोठे आहेस?' असे आई विचारीत नाही, 'जेवलास का?' एवढेच विचारते.