परसबागेसाठी छपरावरचे पाणी

पावसाळा चार महिन्यांचा असला, तरी पाऊस सलग पडत नाही. आठ-दहा दिवसांची उघडीप पडली, की परसातील मेथी, वांगी, मिरची माना टाकतात. त्याच छपरावरून आधीच्या सरींचे पाणी मात्र पागोळ्यांवाटे वाहून गेलेले असते. ते अडविण्याची सोय घरच्या घरी करता येते.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी मिळते. ४० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटरची एक सर पडल्यास ४०० लिटर पाणी येते. भिजणे व उडणे यांत काही भाग वजा जाऊन सुमारे ३२० लिटर हाती लागते. म्हणजे २०० लिटरचे पिंप एकाच सरीत भरते. दहा चौरस मीटरच्या वाफ्याला दररोज ४० लिटर पाणी दिले, तर ते पाच दिवस पुरते. दहा दिवसांच्या उघडिपीसाठी दोन पिंपे हवीत. पिंपांची संख्या वर्षाच्या एकूण पावसावरून न ठरविता उघडिपीच्या दिवसांवरून ठरवावी, ती याचसाठी.

छपराच्या कडेला पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पन्हळ बसवावी. तिला पिंपाच्या दिशेने दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर उतार असावा. पिंप पूर्वी कीटकनाशके किंवा रसायने साठविलेले नसावे. भरलेल्या पिंपाचे वजन २०० किलोंहून अधिक होते. म्हणून विटांचा वा दगडांचा भक्कम, सपाट चौथरा बांधावा. चौथऱ्याची उंची झारी तोटीखाली बसेल इतकी ठेवावी. तोटी तळापासून पाच सेंटिमीटर वर लावल्यास गाळ खालीच राहतो. दोन पिंपे एकाच पातळीवर ठेवून तळाशी नळीने जोडावीत.

पहिल्या पावसात छपरावरील धूळ, पाने व पक्ष्यांची विष्ठा धुऊन येते. त्यासाठी पन्हळीचा नळ फिरता ठेवावा व पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडावे. दीर्घ उघडिपीनंतरही हीच काळजी घ्यावी.

पिंपाच्या वरच्या कडेजवळ, आत येणाऱ्या नळाइतक्याच रुंदीची सांडनळी ठेवावी. तिचे पाणी घराच्या पायापासून दूर, एखाद्या झाडाच्या आळ्यात न्यावे. ते जमिनीत मुरेल.

उघड्या पाण्यात डासांची पैदास साधारण आठवड्याभरात होते. डेंग्यूचे डास तर अशाच साठ्यात वाढतात. म्हणून पिंपाला घट्ट झाकण आणि प्रत्येक तोंडाला बारीक जाळी असलीच पाहिजे. हे पाणी बागेसाठीच वापरावे, पिण्यासाठी नव्हे.

पन्हळ मे महिन्यातच साफ करून ठेवावी, म्हणजे मृगाची पहिली सर छपर धुऊन जाईल आणि दुसरीपासून पिंप भरू लागेल.