मोहिमेत दोन महिने करतात काय?

प्रश्न : मुलगा मार्गदर्शकांबरोबर आठ हजार मीटरच्या शिखरावर जाणार आहे. दोन महिने लागतील म्हणतो. इतके दिवस ही मंडळी करतात तरी काय?
– एक पालक, मुळगाव (डिचोली)

उत्तर : बरेचसे दिवस शरीर तयार करण्यात आणि हवामानाची वाट पाहण्यात जातात. एव्हरेस्टचा बेस कॅम्प 5,364 मीटरवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्माच. म्हणून वर चढायचे, खाली येऊन झोपायचे, विश्रांती घ्यायची, पुन्हा चढायचे.

बेस कॅम्पवर स्वयंपाकी असतो. पाणी साधारण 83 अंशांनाच उकळते, त्यामुळे भात प्रेशर कुकरशिवाय शिजत नाही. वरच्या कॅम्पवर मात्र बर्फ वितळवून पाणी करण्यातच तासन्‌तास जातात. दिवसाला तीन-चार लिटर प्यावे लागते आणि भूक तर मेलेलीच असते. आपली पेज, सोबत लोणच्याची फोड, अशा वेळी खरोखर घशाखाली उतरते. त्याच्या सामानात आमसुले आणि लोणचे अवश्य द्या.

दोर लावणे, ओझी वर नेणे ही सर्वांत जोखमीची कामे बहुधा शेर्पा करतात. त्यांचा मान राखायला मुलाला आवर्जून सांगा. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे 10 गिर्यारोहक 2019 मध्ये कांचनगंगेवर पोहोचले, तेही शेर्पांच्या साथीनेच.

डोके दुखले तर त्याने लपवू नये. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी ताबडतोब खाली उतरावे.