कणगीतील कीड व तेलांचा उपयोग

खळ्यावरून घरी आलेली तूर किंवा मूग ही केवळ वर्षाची डाळ नव्हे; पुढील पेरणीचे बीही तिच्यातच असते. ज्याच्या कणगीस भुंगा लागला, त्यास तेच धान्य पुढे बाजारातून विकत घ्यावे लागते. लवंग, निलगिरी, ओवा, गवती चहा ह्यांच्या सुगंधी तेलांनी कीड जाते असे पुष्कळ जण सांगतात. ह्यात तथ्य आहे. परंतु कोणते तेल कोणत्या भांड्यात चालते हे जाणल्यावाचून केलेला खर्च व्यर्थ होय.

१. किडीची ओळख. कडधान्यातील भुंग्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी चिकटविते. ती बारीक पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. अळी अंड्यातून निघून सरळ दाण्यात शिरते, आतील गर खाते, व भुंगा होऊनच वाटोळ्या भोकातून बाहेर पडते. उष्ण दिवसांत हा क्रम सुमारे ३ ते ४ आठवड्यांत पुरा होतो. कित्येकदा अंडी शेतातच पिकत्या शेंगांवर घातलेली असतात; म्हणून स्वच्छ कणगीतही कीड निघते.

२. सुगंधी तेलाचे कार्य. निलगिरीतील सिनिओल, लवंगेतील युजेनॉल अशी द्रव्ये हवेत उडून जातात. त्यांची वाफ किड्याच्या अंगावरील श्वासरंध्रांतून आत शिरून त्याच्या मज्जातंतूंस बाधा करिते. ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. एक, वाफ कोंडून राहील तरच ती काम करील. बांबूच्या सारवलेल्या कणगीतून ती निघून जाते. दुसरी, दाणे स्वतःही वाफ शोषून घेतात, म्हणून रिकाम्या बरणीत पुरणारी मात्रा भरलेल्या बरणीत पुरत नाही. शिवाय दाण्यात दडलेली अळी बहुधा वाचते. सबब हे तेल घट्ट झाकणाच्या डब्यातील थोड्या धान्यासच योग्य होय. ते धान्यावर ओतू नये. कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुरचुंडीत बांधून ठेवावे, आणि वास उडाला की बोळा बदलावा.

३. न उडणारे तेल. आपल्या आया तुरीच्या डाळीस एरंडेल चोळीत आल्या, त्याचे कारण वेगळे आहे. एरंडेल किंवा शेंगदाण्याचे तेल उडत नाही. ते दाण्यावर पातळ थर धरिते. त्याखाली अंड्यास हवा मिळत नाही व अळी जन्मण्यापूर्वीच मरते. प्रमाण १ किलोस ५ मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा; १० किलोस ५० मिलिलिटर. तेल प्रत्येक दाण्यास लागेपर्यंत हाताने चोळावे. हे काम धान्य वाळताच करावे. अळी आत शिरल्यावर उपयोग थोडा. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या फडक्यात बांधून किती उगवतात ते पाहावे.

४. सावधगिरी. वेखंडाच्या तेलाने किडे वांझ होतात. पण त्यातील असॅरोन ह्या द्रव्याने प्रयोगातील जनावरांस गाठी झाल्याचे आढळले आहे. म्हणून ते खाण्याच्या धान्यास मुळीच लावू नये. त्याहून भयंकर म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो; त्यावर उतारा नाही, आणि त्याच घरात निजलेली माणसे दगावतात. ह्या गोळ्या तज्ज्ञांच्या देखरेखीवाचून वापरण्यास मनाई आहे. दुकानदाराने देऊ केल्या तरी घरी आणू नयेत. धान्य गेले तर पुन्हा पिकेल. लेकरू पुन्हा मिळणार नाही.

तात्पर्य, दाणा दाताखाली कट्‌ वाजेल इतका उन्हात वाळवावा, जुने धान्य नव्यात मिसळू नये, कणगीच्या भेगा लिंपाव्या, आणि मग तेलाचा विचार करावा. ओल्या व घाणेरड्या धान्यास कोणतेही तेल तारीत नाही.

वर्गात विचारावयाचे प्रश्न:
(१) स्वच्छ कणगीतही कीड का निघते?
(२) निलगिरीचे तेल उघड्या कणगीत का चालत नाही?
(३) २५ किलो मुगास किती एरंडेल लागेल?
(४) कोणत्या दोन वस्तू खाण्याच्या धान्यापासून दूर ठेवाव्या, व का?